टावी (छाती न उघडता नळीतून हृदयाची झडप बसवणं) करून ४ वर्षं झाली, आता ग्रेडियंट दुप्पट. व्हॉल्व्ह गेला का?

मानसी_क: बाबांची टावी ४ वर्षांपूर्वी झाली, गेल्या वर्षीच्या एकोत मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) ११ होता आणि परवा २२ आलाय, डॉक्टरांची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनी आहे, तोवर काय करू? किती टिकतो हा व्हॉल्व्ह? प्लीज लवकर सांगा.

भास्कर७१: वय? व्हॉल्व्ह कितीचा? दम लागतो का? गोळ्या कुठल्या? हे कळल्याशिवाय काय सांगणार ताई.

जुना_वाचक: म्हणून ओपन सर्जरीच करावी. माझ्या काकांची १४ वर्षांपूर्वी झाली, एकदम ठणठणीत.

पल्लवी_०९: काकांवरून ठरवू नका हो. डेन्मार्क-स्वीडनचा नोशन अभ्यास बघा, २८० पेशंट, १० वर्षांनी झडपेची गंभीर झीज टावीत १.५ टक्के आणि सर्जरीत १०.

जुना_वाचक: त्यांचं सरासरी वय ७९ होतं! १० वर्षांत निम्म्याहून जास्त लोक गेले, मग झडप झिजायला माणूस तरी राहायला नको का? साठीतल्या माणसाला हा आकडा दाखवून काय उपयोग?

गजानन_प: दाताचं काही काम करायचं असेल तर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं, डेंटिस्टला सांगायला विसरू नका.

मानसी_क: दाताचं काही नाहीये काका. वय ७३, व्हॉल्व्ह २३ मिमीचा, फक्त अ‍ॅस्पिरिन चालू आहे. दम लागत नाही म्हणतात. पण हल्ली जिन्याच्या वळणावर थांबून चष्मा पुसतात, पूर्वी सरळ वर यायचे.

भास्कर७१: अहो हाच दम! दोन आठवडे थांबू नका, आजच फोन करून हे असंच्या असं सांगा. ग्रेडियंट वाढला म्हणजे झडप झिजलीच असं नाही, पाकळ्यांवर गुठळी बसली तरी वाढतो, ते सीटीत दिसतं आणि रक्त पातळ करायच्या औषधाने बरेचदा उतरतो. पण ते औषध मनाने अजिबात सुरू करू नका. ताप येतोय का? हिमोग्लोबिन कधी बघितलं? ते कमी असलं तरी आकडा वर जातो.

पल्लवी_०९: आणि खरंच झिजली असेल तरी बऱ्याच जणांना आतच दुसरी झडप बसवतात. फक्त २३ मध्ये जागा कमी पडते, तेवढं विचारून घ्या.

मानसी_क: ताप नाही. हिमोग्लोबिन वर्षभरात केलेलंच नाही. फोन केला, जिन्याचं सांगितल्यावर उद्या सकाळीच या म्हणाले. जुन्या एकोची सीडी पण नेतेय.