कर्जतला घरामागे पोहण्याचा तलाव : दोन कोटेशनांतून ठेकेदार कसा निवडावा?

भातखाचर_शेजारी विचारतात:

कर्जत तालुक्यात घरामागे ८ मी × ४ मी तलाव बांधायचा आहे, खोली १.२ पासून १.५ मीटरपर्यंत उतरती. वर दोन फूट काळसर माती, खाली मुरूम. कुंपणापलीकडे भातखाचरं आहेत, श्रावणात खड्डा खणला तर दोन-अडीच फुटांवर पाणी लागतं.

दोन दर हातात आहेत. ‘अ’ नऊ लाखांत: तळाला ६ इंच आरसीसी, भिंती ९ इंची विटांच्या, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर, ग्लास मोझेक, सहा दिवे, एक अश्वशक्तीचा पंप, दहा वर्षांची गॅरंटी. ‘ब’ साडेतेरा लाखांत: सगळं आरसीसी, २०० मिमी जाडी, एम३० ताकदीचं काँक्रीट, साधी सिरॅमिक फरशी, दोन दिवे, गॅरंटी दोन वर्षं. ‘अ’च्या कामांचे फोटो जास्त देखणे आहेत. कोटेशनमध्ये काय राहून गेलंय ते कसं ओळखायचं आणि दोघांना नेमकं काय विचारायचं?

स्थापत्य_रायगड:

‘अ’चा दर कितीही कमी असो, विटांच्या भिंतीचं कोटेशन या जागेसाठी बाजूला ठेवा. तलाव भरलेला असताना पाणी भिंतीला बाहेर ढकलतं, रिकामा असताना ओली माती आत ढकलते. म्हणजे भिंत दोन्ही बाजूंनी ताण घेणारी हवी, दोन्ही अंगांना सळईची जाळी असलेली. विटांना हा ताण झेपत नाही. त्यात आरसीसी तळ आणि वीटकाम जिथे भेटतात तो सांधा आधी फुटतो, वर प्लास्टर कोणतंही मारा.

पण ‘ब’लाही लगेच होकार देऊ नका. तुमच्या जागेत खरी भीती तलाव तरंगण्याची आहे. हिशेब करा: २०० मिमीचा तळ आणि भिंती मिळून साधारण १४ घनमीटर काँक्रीट, वजन ३५ टन. बाहेरून मापं ८.४ × ४.४ मी, तळासकट सरासरी उंची १.५५ मी. जमिनीतलं पाणी काठापर्यंत आलं तर वर उचलणारा जोर ५७ टन. रिकामा तलाव काठाखाली दोन फुटांपर्यंत पाणी आलं की तरंगायच्या बेतात येतो, आणि तुमच्याकडे श्रावणात पाणी तिथेच असतं! भरलेल्या तलावाला हा धोका नाही. साफसफाईसाठी पावसाळ्यात कुणी रिकामा केला की एक कोपरा उचलला जातो, पाइप तुटतात, तळाला तडा जातो.

म्हणून पहिला प्रश्न हाच: “रिकामा तलाव वर येऊ नये म्हणून तुम्ही काय करता?” तळाचा स्लॅब भिंतीबाहेर ३०० मिमी काढला तर त्यावरच्या भरावाचं ओझं धरून सुमारे १२ टनांची भर पडते. उरलेलं काम निचऱ्याने करायचं. स्लॅबखाली खडीचा थर, त्यात भोकं पाडलेला पाइप, तो पाइप तलावालगतच्या एका उभ्या २०० मिमी पाइपात आणून सोडायचा. या उभ्या पाइपात डोकावलं की जमिनीतलं पाणी कुठे आहे ते दिसतं, आणि तलाव रिकामा करण्याआधी त्यातच सबमर्सिबल टाकून पाणी खाली नेता येतं. बांधताना याचा खर्च किरकोळ आहे, नंतर मात्र हे करता येत नाही. “आमचे तलाव कधी वर आले नाहीत” एवढंच उत्तर देणारा ठेकेदार घेऊ नका.

काँक्रीटबद्दल: पाणी साठवणाऱ्या बांधकामाची संहिता आयएस ३३७० आहे, तिच्यात आरसीसीला किमान एम३० सांगितलं आहे. १० मिमी सळई १५० मिमी अंतराने, दोन्ही दिशांना, दोन्ही अंगांना धरली तर सव्वा ते दीड टन लागते. ‘ब’कडून सळईची मापं-वजनांची यादी (बार बेंडिंग शेड्यूल) मागा, त्यात याहून बरंच कमी निघालं तर कारण विचारा. तळ आणि १५० मिमी किकर (भिंतीचा तळालगतचा पट्टा) एका दिवशी ओतायचा, भिंती नंतर, सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी). शटरिंगच्या दोन बाजू धरून ठेवणाऱ्या टाय रॉडसाठी भिंतीतून आरपार पाइप टाकतात आणि मग ती भोकं साध्या मालाने बुजवतात. बऱ्याच गळतीचं मूळ तिथे आणि पाइप भिंतीतून जातात त्या जागी असतं. पाइपांना पडल फ्लँज (भिंतीत रुतून पाणी अडवणारी चकती) हवा, आणि तो काँक्रीट ओतण्याआधी बसलेला हवा. नंतर छिन्नीने भोक पाडून पाइप घालणार असतील तर तिथेच काम थांबवा.

गाळणी_पंप:

“एक अश्वशक्तीचा पंप” यावरून काहीच कळत नाही. तुमचं पाणी ४३ घनमीटर. घरगुती तलावाचं सगळं पाणी सहा तासांत एकदा गाळून निघावं, म्हणजे ताशी ७ ते ८ घनमीटर प्रवाह. कोटेशनमध्ये “१० मीटर हेडला (पंपाला पेलावा लागणारा दाब, पाण्याच्या उंचीत) ताशी ८ घनमीटर” असं लिहून घ्या, सोबत पंपाचा आलेख. त्याला ६०० मिमी व्यासाची वाळूची टाकी पुरते. अनेक जण मोठा पंप आणि ४५० मिमीची टाकी जोडून देतात. त्यात पाणी वाळूतून इतक्या वेगाने धावतं की गढूळपणा तसाच परत येतो आणि मालक क्लोरीन ओतत बसतो.

ओढणारी लाइन ६३ मिमी, परतीची ५० मिमी, दोन्ही यूपीव्हीसी पीएन १० (१० बार दाबाचे). शेतीचा चार किलो दाबाचा पाइप चालवून घेऊ नका, भरावाखाली तो चपटा होतो. काँक्रीटआधी सगळी लाइन बंद करून २-३ बारवर २४ तास ठेवा. गेज तसाच लावून काँक्रीट ओतायला सांगा. ओतताना कुणाचा पाय पाइपावर पडला तर काटा लगेच खाली येतो.

तळाला मुख्य निचऱ्याच्या जाळ्या दोन हव्यात, एकमेकींपासून किमान एक मीटरवर, एकाच लाइनला जोडलेल्या, झाकणं फुगीर. एकच सपाट जाळी असेल आणि लहान मूल तिच्यावर बसलं तर पंप त्याला धरून ठेवतो. ही बाब दरात ओढाताण करण्याची नाही. दोघांच्याही कोटेशनमध्ये ती नसेल तर लिहून मागा.

पंपखोली खड्ड्यात करायची की जमिनीवर? कर्जतच्या पावसात जमिनीवरच. खड्ड्यातली खोली एकदा भरली की मोटार, टायमर, ट्रान्सफॉर्मर सगळं गेलं. सेल्फ-प्रायमिंग (स्वतः पाणी ओढून घेणारा) पंप तलावापासून चार-पाच मीटरच्या आत ठेवा. दिवे १२ व्होल्टचे, त्यांच्या ट्रान्सफॉर्मरला येणाऱ्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि दिव्याच्या केबलला पाण्याखाली जोड नको. सहा दिव्यांची गरज या मापाला नाहीच, दोन पुरेत. ते पैसे निचऱ्याच्या पाइपात घाला.

फरशी_ग्राउट_वॉटरप्रूफिंग:

स्थापत्य_रायगड यांच्या म्हणण्यात एक भर. काही ठेकेदार उभ्या पाइपाऐवजी तळाच्या जाळीत दोन इंची हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवतात. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि जमिनीतलं पाणी आत घेतो. वस्तू चांगली आहे, पण खाली सलग पीसीसी (सळई नसलेलं काँक्रीट) असेल तर पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, आणि व्हॉल्व्हच्या बैठकीत वाळूचा कण अडकला की तिथूनच तलाव गळतो. माझं मत: खडी आणि उभा पाइप आधी, व्हॉल्व्ह जोडीला.

आता पाण्याची चाचणी. ती फरशीआधी आणि भिंतीबाहेरचा भराव टाकण्याआधी व्हायला हवी. त्यासाठी खोदाई करतानाच चहूबाजूंनी दोन फूट जागा जास्त ठेवावी लागते, ‘ब’ने ती धरली आहे का पाहा. तलाव हळूहळू भरा. पहिले सात दिवस काँक्रीट पाणी पितं, ते मोजू नका. पुढचे सात दिवस मोजा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आत-बाहेर एकाच पातळीला खूण करा. बादलीतली घट म्हणजे बाष्पीभवन, त्याहून जास्त ती गळती. दिवसाला ५ मिमी जास्त घट म्हणजे १६० लिटर. भिंतीला बाहेरून ओलसर डाग दिसला तर खडूने घेरून ठेवा, ग्राउटिंग (दाबाने सिमेंटचा पातळ माल भरणं) तिथेच करायचं.

चाचणी पास झाल्यावरच दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, आडवा आणि उभा असे दोन हात. मोझेक असो वा सिरॅमिक, चिकटवायला पॉलिमरयुक्त अ‍ॅडेसिव्ह आणि सांध्यात एपॉक्सी ग्राउट. साधं पांढरं सिमेंट क्लोरीनच्या पाण्यात झिजतं. ‘ब’ची सिरॅमिक म्हणजे बाथरूमच्या भिंतीची टाइल तर नाही ना, ते विचारा. ती पाणी शोषते आणि सुटते. भरायच्या पाण्याची तपासणीही आत्ताच करून घ्या. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच ते चहासारखं तांबूस होतं.

भातखाचर_शेजारी:

मनापासून आभार, सगळं ‘ब’ला लिहून पाठवतो. पैसे कसे द्यावेत? तो निम्मे आगाऊ मागतोय. आणि त्याची जुनी कामं पाहायला गेलो तर काय बघू?

स्थापत्य_रायगड:

निम्मे आगाऊ देऊ नका. करारावेळी १० टक्के, खोदाई, सोलिंग (तळाला दगडांचा थर) आणि पीसीसी झाल्यावर १५, भिंती ओतून शटरिंग उतरल्यावर ३०, पाण्याची चाचणी पास झाल्यावर १५, फरशी आणि यंत्रं बसल्यावर २०, तलाव चालू करून दिल्यावर ५, आणि शेवटचे ५ पहिला पावसाळा गेल्यावर. तिसरा हप्ता सोडण्याआधी आरएमसीची (तयार मिळणारं काँक्रीट) चलानं आणि सात दिवसांच्या क्यूबचा (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचा ठोकळा) अहवाल हातात घ्या. अठ्ठावीस दिवसांचा अहवाल चाचणीच्या हप्त्यासोबत. दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा, तेही करारात यायला हवं.

जुनी कामं पाहताना तीन पावसाळे झालेला तलाव निवडा, नवा नको. मालकाला विचारा की उन्हाळा सोडून आठवड्याला किती पाणी वर घालावं लागतं. काठाभोवतीची फरशी खचली असेल तर भराव २०० मिमीच्या थरांत न कुटता एकदम ढकलला आहे. पंपखोलीत व्हॉल्व्हवर नावाच्या पट्ट्या आहेत का, पाइपांच्या जोडांवर एम-सीलचे गोळे आहेत का, ते बघा.

गॅरंटीची वर्षं मोजू नका, तिच्यातली कलमं वाचा. गळती सापडली तर तलाव रिकामा करणं, फरशी काढून पुन्हा बसवणं आणि ४३ हजार लिटर पाणी, हा खर्च कुणाचा हे लिहिलेलं हवं.

दिवाळीनंतर खोदाई सुरू झाली तर फेब्रुवारीत पाण्याची चाचणी सहज होते. ‘ब’ने मार्चमध्ये सुरू करायचं म्हटलं तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा. भराव आणि निचरा पूर्ण नसलेला रिकामा तलाव जूनमध्ये उघडा राहता कामा नये.