मदत हवी आहे: विक्री घटली तरी घरांचा सरासरी भाव चढाच, हे आकडे वाचायचे कसे?

नमस्कार मंडळी,

आम्हाला राहायला घर घ्यायचं आहे, गुंतवणूक म्हणून नाही. त्यासाठी आमच्या भागातल्या घरविक्रीचे तिमाही आकडे मी वाचत असते. अलीकडे व्यवहार बरेच कमी झालेत, सरासरी भाव मात्र चढतोच आहे. यावरून घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, भाव वाढतोय तर थांबून उपयोग नाही. मला वाटतं, गिऱ्हाईकच रोडावलंय तर हा भाव टिकणार कसा? सगळी बचत यात जाणार आहे, त्यामुळे नुसत्या अंदाजावर ठरवायला मन धजत नाही.

कागदावर मांडून पाहिलं. समजा एका तिमाहीत १० घरं विकली गेली, ६ लहान आणि ४ मोठी. मोठ्याचा भाव लहानाच्या दुप्पट. मग व्याजदर वाढले आणि कर्जाच्या भरवशावर लहान घर घेणारे मागे सरले. पुढच्या तिमाहीत २ लहान, ४ मोठी गेली. एकाही घराचा भाव बदललेला नाही, तरी सरासरी सुमारे १९ टक्के वर! म्हणजे अहवालातली भाववाढ म्हणजे फक्त कुठली घरं विकली गेली त्याचा परिणामही असू शकतो.

पण विक्री घटूनही भाव खरोखर टिकल्याचं उदाहरणही आहे. अमेरिकेत २०२३ साली जुन्या घरांची विक्री सुमारे ४१ लाखांवर आली, १९९५ नंतरची सर्वांत कमी. तरी भाव कोसळले नाहीत. आधी तीन टक्क्यांच्या आसपास स्थिर व्याजाचं कर्ज मिळालेली माणसं सात टक्क्यांच्या नव्या कर्जाच्या भीतीने घर विकायलाच काढत नव्हती. गिऱ्हाईक आटलं तसा मालही आटला.

तर आमच्या भागात यातलं नेमकं काय चाललंय, हे सामान्य माणसाने कशावरून ओळखावं? सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सगळे भाव चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा भाव, बघितला तर भागेल का? ‘घ्या’ किंवा ‘थांबा’ एवढंच उत्तर नकोय, पारख कशी करायची ते सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमच्याच उदाहरणात मध्यक काढा. आधीच्या १० घरांत मधली दोन्ही लहान, नंतरच्या ६ मध्ये मधली दोन्ही मोठी. मध्यक थेट दुप्पट! एखाद्या अवाढव्य बंगल्याने सरासरी फुगते, तिथे मध्यक उपयोगी. विकल्या जाणाऱ्या घरांचा प्रकारच बदलला तर तोही फसतो.

म्हणून तेच घर पुन्हा विकलं गेलं तेव्हा काय भाव आला, हे मोजणारे निर्देशांक असतात. अमेरिकेतला केस-शिलर त्यातला प्रसिद्ध. त्यातही तीन महिन्यांची सरासरी धरतात आणि आकडे दोनेक महिने उशिरा येतात. तुमच्याकडे तसं काही नसेल तर जवळपास त्याच आकाराच्या, त्याच वयाच्या घरांचे नोंदणी झालेले व्यवहार तेवढे बघा. जाहिरातीतला भाव धरू नका, ती विकणाऱ्याची अपेक्षा असते.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर विक्रीला असलेल्या घरांच्या संख्येत आहे. तिला महिन्याच्या विक्रीने भागा, म्हणजे माल किती महिने पुरेल ते कळेल. विक्री घटली आणि हे महिने वाढत चालले, तर विकणारे अडून बसलेत असं समजा. जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये छापला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी भावात घर विकावं लागणार होतं ते मालक भाव चढा सांगत होते आणि त्यांची घरं जास्त काळ विक्रीविना राहत होती. अशा वेळी आधी व्यवहार थंडावतात, भाव मागून हलतो. घासाघिशीला जागा तिथेच. महिने वाढत नसतील तर अमेरिकेसारखी मालाची टंचाई आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार. मध्यकाचं हे लक्षातच येत नव्हतं. एक शंका: एकच फ्लॅट तीन-तीन एजंटांच्या जाहिरातीत दिसतो. मग विक्रीची घरं मोजायची कशी?

प्रतिसाद

इमारत, मजला, क्षेत्रफळ आणि फोटो जुळवा, दुबार नोंदी गळतात. आकडा तंतोतंत नसला तरी चालेल, दर महिन्याला मोजायची पद्धत मात्र तीच ठेवा.