विजेतेपदाविना सर्वश्रेष्ठ? टोनी लॉकेटच्या कारकिर्दीविषयी

मूळ मत

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ गोलकर्ता म्हणून मी टोनी लॉकेटचेच नाव घेईन. ६ जून १९९९ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर त्याने १३००वा गोल केला आणि गॉर्डन कव्हेंट्रीचा १९३७ पासून अबाधित राहिलेला सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला, तोही कव्हेंट्रीच्याच कॉलिंगवुड संघाविरुद्ध. त्या क्षणी प्रेक्षकांचा लोंढा मैदानात शिरला. २८१ सामन्यांत १३६० गोल, हा त्याचा अंतिम हिशेब आहे.

प्रतिसाद १

नुसत्या बेरजेवरून श्रेष्ठत्व ठरवणे मला मान्य नाही. हॉथॉर्नच्या जेसन डनस्टॉलने २६९ सामन्यांत १२५४ गोल केले; सामन्यामागे लॉकेटची सरासरी ४.८४, तर डनस्टॉलची ४.६६. एवढ्याशा फरकासमोर डनस्टॉलची चार विजेतेपदे आहेत आणि लॉकेटचे एकही नाही. शिवाय १९९४ मध्ये लॉकेटच्या कोपराच्या आघाताने सिडनीच्या एका बचावपटूच्या चेहऱ्याची हाडे मोडली आणि त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली, हेही त्याच्या कारकिर्दीच्या खात्यात मांडायला हवे.

मूळ लेखकाचे उत्तर

त्या आघाताचे समर्थन मी करणार नाही. विजेतेपदांचा मुद्दा मात्र मला पटत नाही, कारण लॉकेटसारखा फुल फॉरवर्ड, म्हणजे संघाचा मुख्य गोलकर्ता, गोलखांबांसमोर उभा असतो आणि चेंडू त्याच्यापर्यंत आणून देणे सहकाऱ्यांच्या हाती असते. डनस्टॉलमागे त्या काळातला सर्वांत बलाढ्य संघ होता. लॉकेट ज्या सेंट किल्डाकडून खेळू लागला, तो १९८३ ते १९८६ अशी सलग चार वर्षे तळाला होता. तरीही १९८७ मध्ये त्याने ११७ गोल केले आणि हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक जॉन प्लॅटनसह विभागून मिळवले. १९९१ मध्ये तर १७ सामन्यांत १२७ गोल!

प्रतिसाद २

मला १९९६ च्या उपांत्य लढतीतील लॉकेटची ती शेवटची किक आठवते; तोवर तो सेंट किल्डा सोडून सिडनीकडून खेळू लागला होता. सिडनी आणि एसेंडन यांचे गुण समसमान होते आणि जांघेच्या दुखण्याने बेजार झालेल्या लॉकेटने अखेरच्या सेकंदांत, गोलपासून पन्नासेक मीटरवर, चेंडू झेलला. भोंगा वाजून गेल्यावर त्याने किक मारली. चेंडू मधल्या दोन खांबांमधून न जाता बाजूने गेला, म्हणजे सहा गुणांऐवजी एकच गुण मिळाला, पण तेवढ्यावर सिडनी अंतिम फेरीत पोहोचली. रग्बी लीगवर जीव टाकणाऱ्या त्या शहराला या खेळाकडे वळवण्यात लॉकेटचा वाटा फार मोठा आहे, आणि तो कोणत्याही गोलतक्त्यात दिसत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

सिडनीविषयीचे आपले म्हणणे मी मनापासून मान्य करतो. तथापि त्याच वर्षीचा अंतिम सामना नॉर्थ मेलबर्नने ४३ गुणांनी जिंकला, हे विसरता येत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

त्या अंतिम सामन्यात सिडनीच्या १३ गोलांपैकी सहा एकट्या लॉकेटचे होते. याहून अधिक त्याने काय करावे, अशी आपली अपेक्षा आहे?

प्रतिसाद ३

माझे मत दोघांहून वेगळे आहे. एसेंडनच्या जॉन कोलमनने ९८ सामन्यांत ५३७ गोल केले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ साडेपाच, आणि १९५४ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा खेळ थांबला. लॉकेटने चार वेळा जिंकलेले सर्वाधिक गोलांचे पदक ज्याच्या नावाने दिले जाते, तो हाच कोलमन.