‘अत्याधुनिक’ या शब्दाचा वाक्यात उपयोग : ठिबक, भरीत आणि मामा यांपैकी कोणाला गुण द्यावा?

प्रश्न : सातवीच्या बाई (यावल तालुका)

सस्नेह नमस्कार. मी इयत्ता सातवीला मराठी शिकवते. घटक चाचणीत ‘अत्याधुनिक’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा, असा एका गुणाचा प्रश्न दिला होता. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ‘आमच्या गावाजवळ अत्याधुनिक रुग्णालय आहे’ हेच वाक्य थोड्याफार फरकाने लिहिले. ते वर्तमानपत्रातून उचललेले आहे हे उघड असले तरी त्यात चूक काही नाही, त्यामुळे गुण देताना हात अडला नाही. अडला तो ज्यांनी स्वतःच्या डोक्याने वाक्ये रचली त्यांच्यापाशी. एका मुलाने लिहिले, ‘आमच्या केळीच्या बागेत अत्याधुनिक ठिबक आहे.’ दुसऱ्याने लिहिले, ‘माझा मामा फार अत्याधुनिक आहे.’ आणि एका मुलीने लिहिले, ‘आज आईने अत्याधुनिक भरीत केले.’

व्याकरणाने पाहिले तर तिन्ही वाक्यांत विशेषण आपल्या जागी आहे, विशेष्याशी त्याचे जुळते, वाक्य पूर्ण होते. तरीही वाचताना कुठेतरी खडा लागतो. तो का लागतो, हे मुलांना कसे सांगावे? शिवाय आधुनिक, अद्ययावत, प्रगत, सुधारित हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, हेही जाणकारांनी सांगावे. पेपर सोमवारी परत द्यायचे आहेत.

उत्तर : निवृत्त मराठी शिक्षक, धुळे

बाई, शब्दाची फोड केली की निम्मी अडचण सुटते. संस्कृतात ‘अधुना’ म्हणजे ‘आता’, त्यावरून ‘आधुनिक’ म्हणजे आताचे. त्याआधी ‘अति’ आला की, जसा अति आणि आचार मिळून ‘अत्याचार’ होतो, तसाच यण् संधी होऊन ‘अत्याधुनिक’ होतो. तेव्हा हा शब्द मुळात काळ सांगणारा आहे. ती वस्तू चांगली असणार, हा अर्थ आपण आपल्या पदरचा घालतो. ज्या वस्तूची रचना किंवा काम करण्याची रीत काळाबरोबर बदलत जाते, आणि ती आधीच्या कोणत्या वस्तूपेक्षा नवी आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, तिलाच हे विशेषण शोभते. भरिताला ते शोभत नाही याचे कारण एवढेच की कपाशीच्या काड्यांवर वांगे भाजून ठेचण्याची रीत नवी व्हावी, अशी खानदेशात कोणाची इच्छाच नाही.

‘अद्ययावत’ची फोड वेगळी आहे. ‘अद्य’ म्हणजे आज आणि ‘यावत्’ म्हणजे पर्यंत. जे आजच्या तारखेपर्यंत पुरे केलेले आहे ते अद्ययावत. म्हणून मतदारयादी अद्ययावत असते, बचतगटाची जमाखर्चाची वही शाईच्या पेनाने लिहिलेली असली तरी अद्ययावत असू शकते, पण त्या वहीला अत्याधुनिक म्हटले तर सचिवबाईच हसतील. (मुले हा शब्द सर्रास ‘अद्यावत’ असा लिहितात, तिथे मात्र गुण कापावा. शेवटच्या ‘त’चा पाय मोडण्याची मराठीत आता गरज नाही.)

‘प्रगत’ म्हणजे पुढे गेलेले. त्याची तुलना आजच्या दिवसाशी नसून बरोबरीच्यांशी असते, म्हणून तो शब्द भूतकाळातही सुखाने वावरतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली सूर्यावरून वेळ काढण्याच्या फलकयंत्राचे वर्णन केले. ‘ते त्या काळातील प्रगत यंत्र होते’ हे वाक्य सहज कानावर येते, पण ‘भास्कराचार्यांचे यंत्र अत्याधुनिक होते’ असे लिहिले की वाचणारा थबकतो, आणि ‘त्या काळच्या मानाने’ ही पुरवणी जोडल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही.

राहिला मामा. ‘अति’ला मराठीत दोन अर्थ आहेत, ‘फार’ आणि ‘प्रमाणाबाहेर’. यंत्राला जोडला की पहिला अर्थ निघतो, माणसाला जोडला की बहुधा दुसरा. ‘आमची सून अत्याधुनिक आहे’ हे वाक्य कोणत्याही सासूच्या तोंडी घालून पाहावे, ते कौतुक राहत नाही. मामाची थट्टा करण्याचा हेतू असेल तर वाक्य उत्तम आहे, नसेल तर ‘आधुनिक विचारांचा’ असे लिहायला सांगावे. ‘फार अत्याधुनिक’ यात ‘फार’ची द्विरुक्ती झाली आहे, तेवढी दाखवून द्यावी.

उत्तर : केळी उत्पादक, रावेर

बाई, ठिबकच्या वाक्याबद्दल आमचेही थोडे ऐकावे. माझे वडील केळीला पाटाने पाणी देत असत. आमच्या शेतात पहिल्यांदा ठिबकच्या नळ्या अंथरल्या, तेव्हा त्या बघायला शेजारच्या गावांतून माणसे आली होती, आणि झाडाच्या बुंध्याशी थेंब थेंब पडणाऱ्या पाण्याने एवढा मोठा घड कसा पोसला जाईल, यावर बांधावर बसून दिवसभर वाद झाला होता. त्या दिवशी ‘अत्याधुनिक’ शब्द शोभला असता. आज आमच्या शिवारात ठिबक नसलेली केळीची बाग दाखवावी लागेल. त्यामुळे नुसते ‘ठिबक’ आता अत्याधुनिक नाही. मात्र जमिनीतील ओलावा मोजून आपोआप झडपा उघडणारी, पाण्यासोबत ठरलेल्या मापाने खत सोडणारी यंत्रणा त्या मुलाच्या घरी असेल, तर त्याचे वाक्य खरे आहे. त्याला आधी विचारावे, मग गुण कापावा.

‘सुधारित’ हा आमचा रोजचा शब्द आहे. सुधारित वाण, सुधारित अवजारे असे आम्ही म्हणतो, कारण तिथे मूळ वस्तू तीच असते आणि तिच्यातली उणीव काढलेली असते. कोळपे सुधारित असते, अत्याधुनिक नसते. शेतकऱ्याला ‘प्रगतिशील’ म्हणतात (‘ति’ ऱ्हस्व, हे माझ्या मुलीने शिकवले). ‘अत्याधुनिक शेतकरी’ मी अजून पाहिलेला नाही.

या शब्दाने मला एकदा चांगलाच खर्चात घातले आहे. एका विक्रेत्याने ‘अत्याधुनिक फिल्टर’ म्हणून एक नग गळ्यात मारला. माहितीपत्रकावर तो शब्द तीनदा होता, पण जाळी किती बारीक आहे आणि क्षाराच्या पाण्याला तो चालेल का, हे कुठेही नव्हते. आमच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त. दोन महिन्यांत ड्रिपर बुजले आणि आम्लप्रक्रिया करून नळ्या धुवाव्या लागल्या. तेव्हापासून वाक्यात ‘अत्याधुनिक’ दिसला की पुढच्या वाक्यात ती वस्तू नेमके काय करते ते मी शोधतो.

उत्तर : मुद्रण व अक्षरजुळणी, जळगाव

आमच्याकडे येणाऱ्या उद्घाटनाच्या दर दुसऱ्या निमंत्रणपत्रिकेत ‘अत्याधुनिक सुविधांनी सुसज्ज’ हे शब्द असतात. मंगल कार्यालय असो, व्यायामशाळा असो की केशकर्तनालय, मजकूर तोच. काही ग्राहक त्यावर ‘सर्वात अत्याधुनिक’ किंवा ‘अत्यंत अत्याधुनिक’ असा आग्रह धरतात. जिथे ‘अति’ आधीच बसलेला आहे तिथे आणखी एक ‘अत्यंत’ कशासाठी, असे मी विचारतो. काही ऐकतात, बाकीचे ‘जास्त भारी वाटते’ म्हणतात, आणि छापून द्यावे लागते.

एक निरीक्षण सांगतो. हा शब्द छापला पुष्कळ जातो, पण बोलला फारसा जात नाही. मोबाईलच्या दुकानात जाऊन ‘अत्याधुनिक दूरध्वनी दाखवा’ असे कोणी म्हणत नाही. ‘नवीन काय आलंय?’ एवढेच विचारतात, आणि अहिराणी बोलणारा गिऱ्हाईक ‘हाई नवं शे का?’ म्हणून मोकळा होतो. तेव्हा मुलांना हा शब्द बातमी, अहवाल किंवा निबंधाच्या वाक्यात वापरायला सांगावे, घरगुती संवादात नव्हे. घरातल्या वाक्यात तो आला की मुद्दाम आणलेला वाटतो.

सातवीच्या बाई

सर्वांची मनापासून आभारी आहे. आज मधल्या सुट्टीत तिघांनाही बोलावले. ठिबकवाला म्हणाला, ‘बाई, पाणी किती दिलं ते बाबा घरी बसून मोबाईलवर बघतात.’ त्याला गुण दिला आणि तेच वाक्य पहिल्या वाक्याला जोडून लिहायला सांगितले. मामाच्या वाक्यातला ‘फार’ काढायला लावला. थट्टेचा हेतू आहे का, असे विचारल्यावर तो नुसताच हसला, त्यामुळे तिथेही गुण द्यावा लागला.

भरीतवालीने मात्र मला गप्प केले. तिच्या आईने वांगी गॅसवर भाजली आणि मिक्सरमध्ये फिरवली. ते ताट पाहून आजी म्हणाली, ‘हे नव्या जमान्याचं भरीत, मला नको.’ चाचणीत ‘अत्याधुनिक’ शब्द दिसताच मुलीला आजीचे ते बोलणे आठवले आणि तिने ते पुस्तकी भाषेत उतरवले. धुळ्याच्या सरांनी सांगितलेला ‘अति’चा दुसरा अर्थ तिला कोणी शिकवलेला नव्हता. तिला पूर्ण गुण दिला आहे, फक्त खाली लाल शाईने ‘शब्द अवतरणचिन्हांत लिही’ असे नोंदवले आहे.