झुंबा सोडू का? गुडघा कुरकुरतोय – मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो,

वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन ८४ किलो. थायरॉईडची गोळी चालू आहे.

दोन महिन्यांपूर्वी डोंबिवलीत घराजवळच झुंबाचा (गाण्यांवर नाचत करायचा व्यायाम) क्लास लावला. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात ते आठ. चालायला जायचं म्हटलं की मला शंभर कारणं सुचतात, पण इथे एकही दिवस बुडवला नाही. ढोलकी वाजली की पाय आपोआप उचलतात!

वजन मात्र जेमतेम दीड किलो उतरलंय. (क्लासनंतरचे पोहे सुटत नाहीत, तो भाग वेगळा.) कुर्ता कमरेत सैल झालाय, हे खरं. पण आठवडाभर जिना उतरताना उजवा गुडघा दुखतोय. माझे बूट चालण्यासाठीचे आहेत, पकड घट्ट. गिरकी घेताना पाऊल लादीवरच राहतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. सरांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, सवय होईल." पंचविशीतल्या मुलाला काय कळणार!

आता उड्यांऐवजी नुसती पावलं टाकते. बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागतो. वजन उतरायला एवढं पुरतं का? जागतिक आरोग्य संघटना असा मध्यम दमाचा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, माझी १८० होतात. मांड्यांच्या ताकदीसाठी वेगळं काही करता का? आणि गिरकीला बरे पडणारे बूट कोणते घेतलेत?

हाडांच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे. तोवर क्लास बंद ठेवू की कोपऱ्यात उभं राहून हळूहळू करू?