मोफत उपचारांसाठी पात्र कोण? आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

महाडिक काका (बी-७०१):
आपले सुरक्षारक्षक यादवजी यांच्या अँजिओप्लास्टीसाठी वर्गणी काढण्यास माझा विरोध नाही. माझा वाटा मी कोषाध्यक्षांकडे दिला आहे. परंतु काल काही सभासदांनी ‘सरकारने सर्वांनाच फुकट उपचार द्यावेत’ असे लिहिले, ते मला पटत नाही. परळ किंवा शीवच्या पालिका रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहून पाहावे, मुंबईबाहेरून आलेले किती रुग्ण असतात ते कळेल. कर मुंबईकराने भरायचा आणि खाट मिळण्याची वेळ आली की त्यानेच ताटकळायचे, हे किती दिवस चालणार? शिवाय दारात गाडी असलेले लोकही पिवळी शिधापत्रिका पुढे करतात. मोफत उपचार खरोखर गरीब असलेल्या आणि इथेच राहणाऱ्या माणसालाच मिळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

साळवी सिस्टर (ए-५०२):
महाडिक काका, रांगेविषयी आपण लिहिले ते खरे आहे. माझी सगळी नोकरी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली, त्यामुळे ‘खरोखर गरीब कोण’ हे ठरवायला बसले की प्रत्यक्षात काय घडते, ते जरा सविस्तर लिहिते.

पिवळी शिधापत्रिका वार्षिक १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी आणि केशरी १ लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी आहे. मुंबईत पूर्णवेळ सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा माणूस वर्षाला १ लाखाहून अधिकच कमावतो; म्हणजे नियम काटेकोर पाळला तर यादवजी सधनांमध्ये मोडतात, आणि स्टेंट घालायची वेळ आली की तेच यादवजी कर्जबाजारी होतात. गाडीवाल्याला दाखला कुठून आणि कसा काढायचा हे बरोबर माहीत असते. या गाळणीत अडकतो तो ज्याच्याकडे कागद नाही असा माणूस.

माझ्या वॉर्डात एक तरुण सून दाखल होती. माहेरच्या शिधापत्रिकेवरून तिचे नाव लग्नानंतर कमी केलेले होते आणि सासरच्या पत्रिकेवर ते अजून चढले नव्हते. आरोग्यमित्राने (सरकारी योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाने) मोफत उपचारांसाठी अर्ज भरला, पण नावाचा पुरावा नसल्यामुळे मंजुरी येईना. तिचा नवरा शिधावाटप कार्यालय आणि वॉर्ड यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहिला, त्याची रोजंदारी बुडाली, आणि अखेर समाजसेवा अधिकाऱ्यांनी धर्मादाय निधीतून रक्कम उभी केली. त्या घरची परिस्थिती डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सर्वांना दिसत होती, तरी ती कागदावर सिद्ध करण्यात उपचारांचे मोलाचे दिवस गेले. असे रुग्ण अपवाद नव्हते, हे मी जबाबदारीने सांगते.

सरकारनेही ही चाळण हळूहळू सैल केली आहे. २०१२ मध्ये जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती होती. २०२३ च्या निर्णयाने ती शुभ्र (१ लाखाहून अधिक उत्पन्नाच्या) शिधापत्रिकाधारकांना आणि अधिवास प्रमाणपत्र असणाऱ्यांनाही खुली झाली आणि विमासंरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेले. केंद्राने २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारत या आरोग्यविमा योजनेत घेतले. (आपल्या इमारतीतील ज्येष्ठांपैकी ज्यांनी हे कार्ड अद्याप काढले नसेल, त्यांनी कृपया काढून घ्यावे.) तरीही यादवजी बाहेरच राहिले. त्यांची शिधापत्रिका उत्तर प्रदेशातील जौनपूरची. इथल्या अधिवासासाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागते, ते पूर्ण झालेले नाही. आणि आयुष्मानची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवर आधारलेली, तिच्यात त्यांचे नाव नाही.

कुलकर्णी ताई (ए-२०३):
माझी मुलगी इंग्लंडमध्ये बँकेत नोकरी करते. तिथली आरोग्य सेवा १९४८ पासून सर्वांना मोफत आहे असे आपण म्हणतो, पण तिला व्हिसासाठी अर्ज करतानाच वर्षाला १,०३५ पौंड या दराने आरोग्य अधिभार भरावा लागला. म्हणजे वास्तव्याची अट तिथेही आहेच. मग महाडिक काकांचे म्हणणे अगदीच चुकीचे कसे ठरवायचे?

साळवी सिस्टर (ए-५०२):
ताई, आपण फार उपयोगी उदाहरण दिलेत. तो अधिभार परदेशातून येणाऱ्याला आहे आणि तो व्हिसाच्या वेळी घेतला जातो, खाटेपाशी नाही. एकदा भरल्यावर तिचे उत्पन्न किती, हे रुग्णालयात कोणीही विचारत नाही. आणि अपघात विभागातील उपचार तर प्रवाशालाही मोफत मिळतात. यादवजी मात्र याच देशाचे नागरिक आहेत आणि आपल्या फाटकाशी रात्रभर जागतात. त्यांना आपण परदेशी पाहुण्यासारखे वागवावे का?

देशपांडे (सी-१०४):
तत्त्व मान्य केले तरी पैसा कुठून आणणार? सर्वांना सर्व काही द्यायचे म्हटले तर तिजोरी पुरणार नाही.

साळवी सिस्टर (ए-५०२):
देशपांडे सर, श्रीमंतांकडून पैसे जरूर घ्यावेत, पण ते करातून घ्यावेत. आजारी माणसाला खिडकीवर उभे करून त्याची मिळकत तपासणे हा वसुलीचा सर्वांत वाईट मार्ग आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरवले. थायलंड काही श्रीमंत देश नव्हे. त्यांनी २००२ मध्ये सरकारी खर्चाने उपचारांची व्यवस्था सर्व नागरिकांपर्यंत नेली. क्षयरोगाची औषधे तर आपल्याकडेही उत्पन्न न विचारता दिली जातात, आणि त्याबद्दल तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही.

शिवाय आपल्या विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलतात. यादवजींना रक्तदाबाची गोळी गेली काही वर्षे नियमित मिळाली असती, तर कदाचित स्टेंटची वेळ आलीच नसती. मोफत उपचारांची सुरुवात त्या गोळीपासून व्हायला हवी, म्हणून पालिकेच्या ‘आपला दवाखान्या’त संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यालाही तपासणी आणि औषधे मिळतात, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते.

महाडिक काका (बी-७०१):
तातडीच्या रुग्णाला नाकारू नये, हे मला मान्यच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये तसा निकाल दिला आहे. परंतु आधी ठरवून, बाहेरगावाहून शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्याचे काय? त्याचा भार मुंबईच्या करदात्यानेच का सोसावा?

साळवी सिस्टर (ए-५०२):
काका, आपल्या गुहागरचा माणूस हौसेने परळला येत नाही. जवळच्या रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ नसतो, असला तर यंत्र बंद असते, म्हणून तो रात्रीची गाडी पकडून येतो आणि नातेवाईक पदपथावर झोपतात. त्याच्याकडून दुप्पट शुल्क घेतले तर तो येणे थांबवणार नाही. तो बायकोचे दागिने गहाण टाकून येईल. मुंबईच्या तिजोरीवर भार पडतो ही आपली तक्रार मात्र रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रुग्णाच्या खिशात शोधू नये. बाहेरच्या जिल्ह्यातील रुग्णावर झालेला खर्च पालिकेने राज्य सरकारकडून मागावा. केसपेपरवर पत्ता असतोच. हिशेब ठेवणे अवघड नाही. जिल्ह्याजिल्ह्याचे बिल येऊ लागले की तिथली रिकामी पदे भरण्याची निकडही सरकारला वाटेल.

महाडिक काका (बी-७०१):
हा मुद्दा मला मान्य आहे. स्वतंत्र खोली हवी असणाऱ्याने तिचे पूर्ण पैसे मोजावेत, हा माझा आग्रह कायम आहे. पण खर्च सरकारकडून मागावा, असे पत्र सोसायटीतर्फे पालिका आयुक्तांना द्यायचे असेल, तर मसुदा मी लिहितो. सिस्टर, आपण तो तपासून द्यावा. सचिवांनी रविवारच्या सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.