दहिसर नदी: 'काँक्रीट टाका, विषय संपला' म्हणणाऱ्यांना

कालची पोस्ट अशी: 'बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नदी स्वच्छच आहे, घाण बाहेर होते. जंगलवाल्यांनी बाहेर नाक खुपसू नये. दोन्ही काठांना भिंत, तळाला काँक्रीट, विषय संपला.'

गाळमास्तर: संपत नाही साहेब, तुंबतो. उन्हाळ्यात सांडपाणी त्या सपाट तळावर इंचभर पसरतं, वेग मरतो, गाळ जागेवर बसतो. भिंतीत पाणी निचरायला ठेवलेल्या भोकांमागे खडी-वाळूचा थर नसला की ती मातीने बुजतात आणि मागे साचलेलं पाणी भिंतीला ढकलतं. पात्र अरुंद केल्याने लोंढ्याचा वेग वाढतो, पायथा खरवडला जातो. भिंत पडते ती तिथून. आणि जंगल फाटकाशी संपत नाही. २०१६ची इको-सेन्सिटिव्ह झोनची (उद्यानाभोवतीच्या संवेदनशील पट्ट्याची) अधिसूचना बाहेरच्या भागासाठीच आहे. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर जाणार कुठून, तुमच्या सपाट काँक्रीटवरून?

कडवट_बोरिवलीकर: मासे राहू द्या. तबेल्यांचं नाव घ्यायला जीभ का अडखळते? एक म्हैस दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकते. १०० म्हशींचं दीड-दोन टन, पाइप मारून थेट नदीत. गोबरगॅस सक्तीचा करा. २५ किलो शेणाला साधारण एक घनमीटर गॅस मिळतो.

स्लरी: कागदावर गॅस फार छान निघतो. टाकीला शेण आणि पाणी समसमान लागतं. पाइपने धुतलेलं शेण पाचपट पातळ होतं, मग टाकी नुसतं पाणी सांभाळत बसते. आधी फावड्याने कोरडं उचला, मग धुवा. तेही जमलं समजा, तर दीड टन शेणाची रोज तीन टन स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावरचा पातळ रबडा, उरते. बोरिवलीत ती कोणाच्या शेतात ओतणार?

कडवट_बोरिवलीकर: वाळवून विका.

स्लरी: जुलैत वाळवून दाखवा.

कडवट_बोरिवलीकर: म्हणजे काहीच करायचं नाही! तबेलेवाल्यांचे वकील का तुम्ही?

स्लरी: वाचता येतं ना? 'कोरडं उचला' लिहिलंय. उचललेलं शेण ट्रकने शहराबाहेर शेतावर न्या. खर्च डिझेलचा, म्हणून कोणी करत नाही.

नळजोड: शेणावर भांडत रात्र काढा, मैलापाणी वाहतंच आहे. नाल्याच्या तोंडाशी बुटका बंधारा घालून कोरड्या दिवसांतलं पाणी मलवाहिनीत वळवता येतं. पण तिथली कचरा अडवायची जाळी रोज साफ केली नाही की प्लास्टिकने तुंबते आणि सगळं बंधाऱ्यावरून नदीत. सांडपाणी शुद्ध करायचा छोटा प्लांट बसवला, तर हवा सोडणारा ब्लोअर बंद पडताच जिवाणूंचा श्वास कोंडतो, काही तासांत वास सुटतो. आणि शुद्ध केलेल्या पाण्याचा बीओडी (घाण कुजताना जिवाणू खातात तो ऑक्सिजन) लिटरला १० मिलिग्रॅम आला तरी आंघोळीच्या पाण्याला ३ किंवा कमी लागतो. एप्रिलमध्ये वरून पाणी जवळपास येतच नाही, म्हणजे मिसळायलाही काही नाही. प्लांटचं पाणी हीच नदी.

सुरुंग: ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यावर एक शब्द नाही? उद्यानाखालून जातोय. खोदताना झिरपणारं पाणी, मलबा...

गाळमास्तर: वेगळा धागा काढा.

मूळ पोस्टवाला: बरं, तळाचं काँक्रीट मागे घेतो, व्हा खूश. भिंत मात्र हवीच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता. तेव्हा चढणीचे मासे घरं वाचवायला येणार होते का?

गाळमास्तर: जिथे काठावर घरं आहेत तिथे भिंत घाला, कोण नाही म्हणतंय? बाकी काठाला दगड भरलेल्या जाळ्या. तारेला पीव्हीसी आवरण घ्या, साधी जस्ताची तार या सांडपाण्यात लवकर गंजते.

स्लरी: आणि त्या जाळ्यांमध्ये अडकलेलं प्लास्टिक वेचणार कोण, हे निविदेत लिहा.